भिंतीतली ऊब

उष्णता कधीच नाहीशी होत नाही; ती फक्त जागा बदलते. रोह्याच्या कारखान्यात नव्याने येणाऱ्या इंजिनियरांना मी हे वाक्य फार गंभीरपणे ऐकवतो, आणि मग चहा गार झाला म्हणून कॅन्टीनवाल्याशी भांडतो.

माझं काम भट्ट्यांच्या भिंतींचं. भिंतीतून उष्णता कशी सरकते ते कॉम्प्युटरवर काढायचं. त्यासाठी भिंतीचे मनातल्या मनात पातळ काप करायचे. प्रत्येक कापाचं पुढच्या मिनिटाचं तापमान त्याच्या स्वतःच्या आणि दोन शेजाऱ्यांच्या आत्ताच्या तापमानावरून ठरतं, आणि असं मिनिटामागून मिनिट पुढे सरकत राहायचं. पाहुणे आले की आमचे साहेब याला ‘डिजिटल भट्टी’ म्हणतात. प्रत्यक्षात ते आकड्यांचं एक कोष्टक आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना बाहेर काय आहे, हे मात्र आपणच सांगावं लागतं. तिथे चुकीचं सांगितलं तर आतलं सगळं अगदी काटेकोरपणे चुकतं.

आई पावसाळ्यात गेली. त्यानंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, पेणच्या घरात एकटेच राहू लागले. पाय लटपटत होते, एकदा मोरीत पडलेही. म्हणून थंडीत मी त्यांना रोह्याला न्यायला गेलो. बॅग भरून झाली तेव्हा ते खाटेवर बसले आणि म्हणाले, “मी नाय येत. ती संध्याकाळची येते.”

“कोण?”

“कोण म्हणजे? तुझी आई.”

त्यांनी माझा हात धरून स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठेवला. दिवेलागणीला आई तिथेच पाठ टेकून वाल सोलत बसायची. सगळी भिंत गार होती. तिच्या पाठीएवढी जागा तेवढी उबदार. कोणी नुकतंच उठून आत गेल्यासारखी. मी हात काढून घेतला. मग पुन्हा ठेवला.

पुढच्या रविवारी कारखान्यातलं तापमान मोजायचं यंत्र घेऊन गेलो. ते दिसायला पिस्तुलासारखं असतं.

“बंदूक रोखतोस काय रे तिच्यावर?” अण्णा म्हणाले. “हयातीत कधी ऐकलं नायस तिचं, आता तरी गप बस.”

ऊब खरी होती. रोह्याला येऊन मी ती भिंत कोष्टकात घातली: दीड फूट जाडी, जुनी वीट. पलीकडे मूर्तिकाराचा कारखाना. पावसात मूर्ती सुकवायला तिथे शेगड्या पेटतात आणि आमची भिंत कोमट होते, पण थंडीत मूर्ती अंगणातच सुकतात. पेणमध्ये जन्मलेल्या माणसाला हे कोणाला विचारावं लागत नाही. मीही विचारलं नाही. पलीकडची बाजू थंड धरली. कोष्टकाने उत्तर दिलं: भिंत थंड. काप अधिक पातळ केले, मिनिटाचे सेकंद केले. भिंत थंडच. आठवडाभर मी रोज ते आकडे बघत होतो, आणि तळहाताला मात्र ती जागा आठवत होती. संध्याकाळ झाली की खुर्चीत सरळ बसायचो. पाठ कशाला टेकवत नव्हतो.

शेवटी पेणला जाऊन शेजारी मूर्तिकाराकडे गेलो. आत डोळे न काढलेल्या मूर्ती दाराकडे तोंड करून ओळीने बसलेल्या होत्या. आमच्या भिंतीला लागून, आई बसायची त्याच जागेच्या मागे, एक विझलेली शेगडी होती.

“थंडीत शेगडी?”

“मग काय करू, इंजिनेर?” मूर्तिकाराने अंगणाकडे बोट दाखवलं. गेल्या वर्षापर्यंत जिथे ऊन पडायचं तिथे आता शेजारच्या नव्या इमारतीची सावली होती. “ऊन गेलं त्या बिल्डिंगवाल्यांकडं. पहाटे पेटवतो, उन्हं वर आली की विझवतो. भिंत तापते काय तुमची?”

पलीकडची बाजू पहाटे गरम धरली, तसे कोष्टकातले आकडे बदलले. सकाळची ऊब दीड फूट वीट ओलांडून बरोबर दिवेलागणीला आमच्या स्वयंपाकघरात पोचत होती. मला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही.

अण्णांना खाटेवर बसवून मी सगळं समजावलं. शेगडी, वीट, काप, शेजारी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे विस्तव सकाळीच विझतो?”

“हो.”

“आणि ऊब संध्याकाळी येते?”

“हो.”

“मग मधल्या वेळात ती कुठं असते?”

“भिंतीत.”

“मी वेगळं काय सांगत होतो तुला?” असं म्हणून ते उठले, भरलेली बॅग उघडली आणि आपले सदरे परत कपाटात लावू लागले.

माझ्या सगळ्या हिशेबातून त्यांनी आपल्याला पटलेलं तेवढंच उत्तर घेतलं होतं. मोरीत धरायला एक लोखंडी दांडी बसवून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने एकटाच परतलो.

त्यानंतर गेलो तेव्हा भिंतीच्या त्याच जागी, आईच्या खिळ्याला, अण्णांनी ओल्या फडक्यात बांधलेले वाल लटकवले होते. पावसाळ्यात ती तसे लटकवायची. मोड चांगले बोटभर आले होते.