डेक म्हणजे डिसेंबर

लग्न होऊन मी बंगळूरजवळ येलहंक्याला आले तेव्हा अठरा वर्षांची होते. माहेर निपाणीकडचं, शिक्षण मराठी सातवी. सासरची माणसं मराठीच, पण तीनशे वर्षं इकडे राहिलेली, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी सढळ हाताने मिसळलेलं. ते माझ्या बोलण्याला हसायचे. त्यांच्या बोलण्याला मला हसता येत नव्हतं, कारण मी सून होते.

त्या घरात ‘कमी’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं, हे माझ्या माहेरीही होतं. तांदूळ वाढले म्हणजे डबा रिकामा झाला, हे मला कुणी समजावायला नको होतं. पण सासूबाईंची मजल त्याच्याही पुढे गेलेली. आमटीत मीठ कमी असलं तर ‘मिठाला जागा आहे’ म्हणायचं. गंमत अशी, की तोच शब्द कानडीत मात्र बिनदिक्कत चालायचा. बाजारात भाजीवालीपुढे त्या ‘स्वल्प कडमे माडि’ असं खणखणीत आवाजात सांगायच्या आणि कुणाचा ताप उतरला की ‘ज्वर कडमे झाला’ म्हणायच्या. लक्ष्मीला कानडी येत नसावं, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलं. तो हसला, पण आधी दार लोटून घेतलं.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, रेल्वेतून निवृत्त झालेले. पहाटे स्टेशनपर्यंत फिरून यायचा त्यांचा नेम होता आणि त्या उघड्या माळावर थंडी हाडांत शिरायची. त्यांच्या स्वेटरसाठी चिकपेटेच्या बाजारातून राखी लोकर आणली. मला सुलट-उलट विणता येतं म्हणून ती माझ्याकडे आली. सोबत नमुन्यांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. माझी नणंद शाळेत शिकवायची, इंग्रजी फाडफाड बोलायची. वन्संनी पुस्तक वाचून मला मराठीत सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं: इतके टाके घाला, इतके इंच सरळ विणा. मुंढ्याच्या, म्हणजे काखेच्या घेराच्या, ओळीपाशी आलो तेव्हा त्यांची शाळेची वेळ झाली आणि त्या उठून गेल्या.

मी ती ओळ एकटीच पाहत बसले. मला इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखता येत. डी, ई, सी. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली तर शेवटच्या पानावर हुबेहूब तीच तीन अक्षरं. संध्याकाळी मी वन्संना विचारलं, “हे डेक म्हणजे डिसेंबर ना?”

“हो, डिसेंबर,” वर्तमानपत्रातून मान वर न काढता त्या म्हणाल्या.

झालं. मी सुया गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिल्या. तेव्हा ऑगस्ट चालू होता. कारणही मीच शोधून काढलं: पावसाळी हवेत लोकर फुगत असणार, मुंढे नेमके बसायला कोरडी थंडीच हवी. एवढा बारीक विचार करणाऱ्या पुस्तकाबद्दल मला आदरच वाटला.

ऑक्टोबरात मामंजींनी सहज विचारलं, “स्वेटर कुठवर आला?” मी म्हटलं, “मुंढे डिसेंबरात करायचेत.” मग कारण सांगितलं. वन्संना हसून हसून ठसका लागला. ‘हो’ म्हटल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. शेजारच्या अक्कांना त्यांनी कुंपणावरून बोलावून ही हकीकत ऐकवली, आणि गल्लीत मी डिसेंबर वहिनी झाले.

सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “रविवारपर्यंत मुंढे दिसले पाहिजेत. नाहीतर लोकर कँटोन्मेंटातल्या विणणाऱ्या बाईंकडे जाईल, आणि तू परत सुयांना हात लावायचा नाही.”

मला रडू आलं नाही, संताप आला. या घरात मला नीट येणारी ती एकच गोष्ट होती, आणि तीही हातातून निघाली होती.

“डेक म्हणजे डिक्रीज, वहिनी,” वन्संनी आता समजावलं. “कमी करणे.”

“तो शब्द नको,” सासूबाई आतून म्हणाल्या. “ह्यांच्या अंगावर जायचंय ते.”

तर अर्थ कळला. पण करायचं काय? टाका कमी करायचा म्हणून मी एक टाका सुईवरून सोडून दिला. तो पार खालच्या पट्टीपर्यंत उसवत गेला. तास घालवून मी तो पुन्हा वर आणला आणि वन्संना विचारलं, “कमी कसं करायचं ते लिहिलंय का?” त्या म्हणाल्या, “कमी करा, एवढंच आहे.” त्यांनी जन्मात सुई धरली नव्हती.

बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. नवऱ्याचा एक खाकी स्वेटर होता, लष्कराच्या जुन्या मालात मिळालेला, कुणा अनोळखी बाईने हाताने विणलेला. मुंढे सुरेख होते त्याचे. मी मनाचा हिय्या केला, खांद्याची शिवण उसवली आणि एकेक ओळ ओढत खाली निघाले. मुंढ्याच्या कडेशी आले, धागा ओढला. एक टाका सुटला आणि त्याच्या पोटातून दोन वर आले.

मी पुन्हा विणून पाहिलं, पुन्हा ओढलं. एकाखाली दोन. त्या बाईने काहीच टाकून दिलं नव्हतं, दोन टाक्यांत एकदम सुई घालून त्यांचा एक केला होता. एवढंच! मी एकटीच टाळी वाजवून हसले. पुस्तकाशिवाय, वन्संशिवाय, मला ते सापडलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याने टोपलीतला खाकी गुंता पाहिला. “माझा स्वेटर पूर्ण कडमे केलास की,” तो म्हणाला. त्या आठवड्यात तो दोन सदरे घालून कारखान्यात गेला आणि तक्रार केली नाही. वहीत मी त्या ओळीसमोर ‘कडमे’ असं लिहिलं. घरात चालणारा शब्द तोच होता.

रविवारी सकाळी पुढचा आणि मागचा भाग कच्चे टाके घालून जोडले आणि मामंजींच्या अंगात चढवले. त्यांनी दोन्ही हात वर केले, खाली आणले, स्टेशनवर बावटा दाखवावा तसे पुन्हा वर केले. कुठे ओढलं नाही की फुगा आला नाही. सासूबाईंनी काखेत दोन बोटं घालून पाहिली.

“एवढं कमी... एवढं बारीक झालं कसं?” घाईत त्यांचीच जीभ घसरली.

“कमी नाही केलं, आत्याबाई. दोघांना जवळ घेतलं. एकही टाका टाकून दिलेला नाही.”

त्यांनी मुंढ्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग “सरी,” म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. त्या घरात याच्यावर प्रशस्ती नव्हती. स्वेटर पुरा झाला तो नोव्हेंबरात, हे मुद्दाम लिहून ठेवते.

पुढच्या वर्षी वन्संनी स्वतःसाठी निळी लोकर आणली आणि पुस्तक घेऊन माझ्यासमोर सतरंजीवर येऊन बसल्या. त्या इंग्रजीतून वाचायच्या, मी विणायचे. शेजारच्या अक्काही आपल्या सुया घेऊन यायच्या. डेक आलं की वन्सं वाचता वाचता थांबायच्या, आणि दोघी माझ्या हातांकडे बघायच्या.