मोजणीदार वाट चुकतो

माझा थोरला भाऊ संघपाल अकोटला सरकारी मोजणीदार आहे. दोन शेजारी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हातघाईवर आले की सरकार त्याला त्यांच्या मधोमध उभं करतं. तो नकाशा उघडतो, यंत्र लावतो आणि धुरा नेमका कुठून जातो ते दाखवतो. त्या दिवसापासून दोघांपैकी एक जण त्याला शिव्या द्यायला लागतो. दादा कोणाच्याच घरचा चहा घेत नाही, पाण्याची बाटली स्वतःची नेतो आणि संध्याकाळच्या एसटीनं अकोल्याला घरी येतो.

मी शाळेत गणित शिकवतो. मला सहसा कशाचं अप्रूप वाटत नाही. बायको म्हणते, या माणसाला ताजमहालासमोर उभं केलं तरी तो फरशा मोजेल. पण रविवारी दुपारी दादाला खेळ चालवताना पाहिलं की माझी बोलती बंद होते, गेली अकरा वर्षं होतेय.

खेळाची पेटी मीच पुण्याहून आणली होती. आत नियमांचं जाड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे, त्यातला एक तर वीस पैलूंचा. खेळ असा की चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी चोर, आणि 'मी आता हे करतो' म्हणून सांगतो. जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा. यात एक जण मात्र पात्र घेत नाही. तो खेळ चालवतो. गावं, जंगल, पाऊस, दुकानदार, दरोडेखोर, राजाची सासू, सगळं त्याच्याकडं. आमच्याकडं हे काम पहिल्या दिवशी दादाकडं गेलं, कारण पुस्तक शेवटपर्यंत वाचायचा धीर फक्त त्यालाच होता. ते कायमचंच गेलं.

आमचा मित्र शाकीब, त्याचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. रविवारी दुपारी अर्धं शटर खाली ओढून आम्ही तिथं बसतो. दादा एका फुकट गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलनं नदी काढतो. नदीकाठी गाव, गावात विहीर, विहिरीवर भांडणाऱ्या दोन बाया. मग तो त्या दोन्ही बाया होतो. दिवसभर ज्याच्या तोंडून 'सही करा' यापलीकडं शब्द निघत नाही तो माणूस अशी भांडणं करतो की शाकीब हसून खुर्चीवरून घसरतो. नकाशाबाहेर कोणी पाऊल टाकलं तर तिथंही त्याच्याकडं गाव तयार असतं, आणि त्या गावातल्या म्हशीलाही नाव असतं. एवढं सगळं एका डोक्यात राहतं कुठं, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या घरातही हेच. हरवलेलं सगळं दादा शोधतो. चष्मे, पावत्या, गॅसचं पुस्तक. मीसुद्धा एकदा हरवलो होतो. आईचं माहेर कौंडण्यपूरच्या बाजूचं. तिथं देवाची जत्रा भरायची. देवळाशी आमचं काही देणंघेणं नव्हतं, पण जत्रा ती जत्रा. मी सहा वर्षांचा, दादा पंधराचा. लाखेचे रंगीत भोवरे बनवणारा एक कारागीर बसला होता. तो लाकूड फिरवायचा, त्यावर लाखेची कांडी टेकवायचा आणि रंगाचं कडं आपोआप उमटायचं. मी बघत राहिलो, आणि वर पाहिलं तर आपलं कोणीच नाही. दादाला मी सापडलो तेव्हा उन्हं कलली होती. तो घामानं थबथबलेला, रडवेला. मी त्यालाच दटावलं, "काहून इतका येळ लावला?" त्यानं मारलं नाही, रागावला नाही. एवढ्या मोठ्या पोराला खांद्यावर बसवून त्यानं वस्तीपर्यंत आणलं. आई हा किस्सा अजून पाहुण्यांना सांगते, आणि दरवेळी मला लाज वाटते.

पुढं चार वर्षांनी अप्पा गेले. ते याच खात्यात शिपाई होते, मोजणीची साखळी धरायचे. दादा एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या जागेवर लागला. परीक्षा देऊन मोजणीदार पुढं झाला.

आता रागिणीकडं येतो. रागिणी सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि सहा वर्षांपासून आमच्यात खेळते. यंदा तिला हैदराबादची नोकरी लागली. निघायला पाच रविवार उरले असताना ती एक जाडजूड वही घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, हे पाच रविवार मी खेळ चालवते. तुमी खेळा."

ड्युटीवरून आल्यावर रोज थोडं थोडं असं सहा महिने तिनं एक अख्खं नगर लिहून काढलं होतं. नदीपलीकडचं, वर्षातून एकदाच दिसणारं. दादाला एकदा तरी खेळायला मिळावं एवढ्यासाठीच. ती गेली की पुन्हा दादाच चालवणार, हे काय सांगायला हवं होतं? शाकीब आळशी आणि मी रटाळ.

तिनं दादासमोर पात्राचा कोरा कागद ठेवला. "सांगा, तुमाले काय व्हायचं हाये?"

दादानं आमच्या कागदांवर नजर टाकली. मी नेहमीप्रमाणे पहिलवान, शाकीब कुलपं उघडणारा चोर. "वैद्य नाही तुमच्याकडं," दादा म्हणाला. "मी वैद्य होतो."

"वैद्य आमाले पायजे," रागिणी म्हणाली. "तुमाले काय पायजे?"

तो रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी दादा सामान सांभाळणारा हमाल घेऊन आला. रागिणीनं तो कागदही परत केला. मग ढाल धरणारा. तोही परत. मला तिचा राग आला. बिचारा घेतोय काहीतरी, घेऊ दे ना! पण ती नर्स आहे, सुई टोचताना मन घट्ट करायची तिला सवय आहे.

"सहा वर्षं तुमी मले इचारून राहिले, 'तुले काय व्हायचं?'" ती म्हणाली. "मी दर बारीले पटकन सांगतलं. आता मी इचारून राहिली त तुमी आमचीच सोय पाहून राहिले. पुढच्या रविवारी सांगा. नाई त मी तुमच्याबिगर सुरू करते. मले जा लागते."

परत येताना दादा माझ्या गाडीवर मागं बसला होता. टॉवर चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "सुगत, हे मले कोणी इचारलंच नोतं रे. अप्पा गेले त्या महिन्यात साहेबानं फारम देला. मी सही केली."

तक्रार नव्हती त्यात, तो नुसती नोंद सांगत होता. मी गाडीच्या हँडलकडं बघत राहिलो. शिकून, नोकरीला लागून, लग्न करून अडतीस वर्षांचा झालेलो मी, आणि मीही त्याला हे कधी विचारलं नव्हतं. मला स्वतःची शरम वाटली. आणि भीतीही वाटली, की या माणसाला हवं असं आता काही उरलंच नसेल तर?

तिसऱ्या रविवारी दादानं खिशातून घडी केलेला कागद काढला. नाव : देवीदास. ताकद कमी, चपळाई कमी. 'काय येतं' या रकान्यात लिहिलं होतं : मन लावून बघता येतं. आणि 'उणीव' या रकान्यात : वाट चुकतो.

शाकीब मोठ्यानं हसला. "संघपालभाऊ, आख्ख्या तालुक्याचा नकाशा तुमच्या डोक्यात, आणि तुमचा माणूस वाट चुकते?"

"हाव," दादा म्हणाला. "त्याले नाही समजत रस्ते."

रागिणीनं कागद दोनदा वाचला आणि या वेळी ठेवून घेतला.

तिनं खेळ सुरू केला. नदीकाठी जत्रा भरली आहे. सूर्य मावळताच एक नाव पलीकडच्या नगराकडं सुटणार. चुकली तर वर्षभर नाही. तिनं टेबलावर सहा पत्रिका तंबूसारख्या उभ्या केल्या. सूर्य उतरेल तशी एकेक आडवी होणार. मी आणि शाकीब कामाला लागलो. शिधा घेतला, दोर घेतला, नावाड्याशी घासाघीस केली.

"आणि देवीदास?" रागिणीनं विचारलं.

दादानं चष्मा काढून पुसला. "भोवरेवाला हाये का तिथं?"

माझ्या हातातला फासा हातातच राहिला.

रागिणीला कौंडण्यपूरचं काही ठाऊक नव्हतं. तिनं वहीत पाहिलं, वहीत भोवरेवाला नव्हता. तिनं वीस पैलूंचा फासा टाकला आणि म्हणाली, "हाये."

"मी पाहत थांबतो. कसा हाये तो? हात कसे हायेत त्याचे?"

तिनं हात सांगितले. मग रंग सांगितले. दादा पुढं झुकून एकेक विचारत गेला, आणि तिला उत्तरं सुचत गेली. अकरा वर्षं त्या टेबलावरच्या झाडांचं प्रत्येक पान त्यानं आम्हाला हलवून दाखवलं होतं. आज पहिल्यांदा, पुढं काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचा चेहरा असा होऊ शकतो हे मी पाहिलं नव्हतं. तोंड किंचित उघडं, डोळे मोठे. मला त्याच्याकडं बघायचा संकोच वाटायला लागला, तरी नजर हलेना.

"मग तुमी वर पाहता," रागिणी हळूच म्हणाली, "त तुमचे सोबती दिसत नाहीत."

चार पत्रिका उभ्या होत्या.

"आता?" तिनं आम्हाला विचारलं. शोधायचं तर फाशावर पंधराच्या वर पडायला हवं होतं, आणि दर खेपेला एक पत्रिका आडवी होणार होती.

"यार सुगत," शाकीब कुजबुजला, "नाव गेली त पोरीची सहा महिन्यांची मेहनत गई पानी में. नगरात जाऊ. येईल तो मागून."

"त्याले रस्ते समजत नाहीत," मी म्हणालो.

मी रागिणीकडं पाहिलं. वही तिच्या मांडीवर होती, नगराचं पान उघडलेलं. हो किंवा नाही, काहीच तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. दादा टेबलाकडं बघत होता. एरवी आम्ही अडलो की तो खाकरून काहीतरी सुचवतो. आज त्यानं खाकरलंही नाही. देवीदासाला आम्ही दिसत नव्हतो, मग दादालाही दिसत नव्हतो.

मी फासा टाकला. सहा. पत्रिका आडवी. अकरा. आडवी. शाकीबनं 'अल्ला' म्हणत स्वतः टाकला. तीन. मी खुर्चीवरून कधी उठलो मला कळलं नाही. "देवीदास!" मी चक्क हाक मारली, दुकानात, अर्ध्या शटरच्या आत. बाहेरून जाणारा एक सायकलवाला वाकून आत बघून गेला. पुन्हा टाकला. चौदा.

शेवटची पत्रिका रागिणीनंच आडवी केली. "सूर्य मावळला. नाव सुटली," ती म्हणाली. तिनं नगराची वही मिटली आणि पिशवीत ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. "आता काय करता?"

"शोधतो," मी म्हणालो.

या खेपेला सतरा पडले.

"सापडला," ती म्हणाली. "जत्रा उठली. भोवरेवालाही गेला. देवीदास एकटाच बसून हाये."

आम्ही तिघंही दादाकडं वळलो. त्यानं सावकाश मान वर केली. चष्मा अजून हातातच होता. माझ्याकडं बघून तो म्हणाला, "काहून बे, इतका येळ लावला?"

शाकीब हसला. मला हसू आलं नाही. नदी, राजे, दरोडेखोर, काहीही होता आलं असतं त्याला. त्याला फक्त एकदा हरवायचं होतं, आणि कोणीतरी शोधत यायला हवं होतं.

"सुगतदादा, पहिलवान काय करते?" रागिणीनं विचारलं.

"मी त्याले खांद्यावर बसवतो," मी म्हणालो.

मोठा माणूस उचलणं जमेल की नाही ही शंकाच, आणि शंका असली की नियमाप्रमाणे फासा टाकावा लागतो. मी फाशासाठी हात पुढं केला. रागिणीनं फासा उचलला आणि आपल्या मुठीत धरून ठेवला.