पाचवीच्या पाटावरचं कार्ड

स्पिरिटचा वास आला की मला लेकीची पाचवी आठवते. मुलुंडच्या घरात सासूबाईंनी पाटावर कोरा कागद आणि पेन मांडलं होतं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. तेवढ्यात नवजात बाळांच्या आनुवंशिक आजारांवरच्या संशोधनातल्या नर्सबाई आल्या. रक्ताचा पहिला नमुना वाया गेला होता. "आज सुई नको गो बाय," सासूबाई म्हणाल्या. "आजी, उद्या उशीर होईल," नर्सबाई म्हणाल्या. टाचेतल्या रक्ताचे ठिपके घेतलेलं कार्ड वाळायला ठेवायचं होतं, तर सासूबाईंनीच पाटावर जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी फोन आला, अंगावरचं दूध लगेच बंद करा, त्यातली साखर तिच्या शरीराला पचवता येत नाही, तिला ते विषासारखं आहे. आज लेक सातवीत आहे. सटवाईचा कागद सासूबाईंनी अजून जपलाय. त्यावर त्यांच्याच अक्षरात नर्सबाईंचा फोन नंबर आहे.