क इमारतीची पंधरा मिनिटं

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून हिरवाई नावाची सोसायटी आहे. नाव हिरवाई आणि झाड एकच, तेही बदामाचं. बिल्डरनं नाव ठेवलं तेव्हा तर तेही नव्हतं, मग तक्रार कुणाकडे करणार? इमारती तीन, अ, ब आणि क. प्रत्येकीत सोळा फ्लॅट. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक काळा फळा, कुठल्याशा बंद पडलेल्या क्लासकडून आणलेला, आणि त्याच्या मागे पंपाची खोली. या दोन्हींचे धनी हिंमतराव.

धनी म्हणजे कुणी नेमलेले नव्हेत हं! हिंमतराव मूळचे मेहकरकडचे. विशीत पुण्यात आले, पिंपरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर म्हणून राबले, आणि सत्त्याण्णव साली कारखान्यात नव्या मशिनी आल्या तेव्हा स्वेच्छेनं निवृत्त झाले. ती इच्छा नक्की कुणाची होती हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्याच दिवाळीत सोसायटीचा पंपवाला गावाला गेला तो गेलाच. दोन दिवस अठ्ठेचाळीस घरं कोरडी. तिसऱ्या दिवशी हिंमतराव पाना घेऊन खोलीत शिरले आणि पाणी चढवूनच बाहेर आले. तेव्हापासून खोलीची चावी त्यांच्याकडे. पंपात हवा धरली की कुठला नट सैल करायचा आणि किती तांबे पाणी ओतायचं, हे त्यांनाच ठाऊक.

फळाही त्यांचाच. रोज सकाळी टपोऱ्या अक्षरात सोसायटीची खबर लागे. ‘गुरुवारी टाक्या धुणार. बुधवारी बादल्या भरून ठेवा. नंतर ओरडू नये.’ ‘ब-७ च्या संजयला मुलगा झाला. बाळबाळंतीण ठीक. पेढे अजून आलेले नाहीत.’ ‘जिन्यात चपला काढणाऱ्यांनी चपला गेल्यावर इथे विचारायला येऊ नये.’ आणि सगळ्यात खाली पाण्याच्या वेळा. महापालिकेचं पाणी जमिनीखालच्या टाकीत पडे, तिथून पंपानं एकेका इमारतीच्या गच्चीवर चढवायचं, प्रत्येकीला चाळीस मिनिटं. म्हणून फळ्यावर असे, ‘अ ६.००, ब ६.४०, क ७.२०, बंद ८.००.’ फळ्यावर खोटं लिहायचं नाही हा त्यांचा नेम. मग भले कुणाला राग येवो.

क इमारतीत तळमजल्यावर हिंमतराव आणि त्यांची बायको यमुनाबाई राहत. यमुनाबाई मितभाषी. हिंमतरावांचा दुपारी डोळा लागला की त्या गच्चीवर वाळवण घालायला जात आणि चारच्या चहाला खाली येत. विचारलं तर म्हणत, कुरडया घातल्यात, गहू घातलेत. एवढं वाळवण होऊन ताटात कुरडई म्हणून दिसत नाही, ही हिंमतरावांची कायमची कुरकूर. “लेकीकडं धाडल्या,” असं यमुनाबाई सांगत आणि आमटी वाढत.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गोदाबाई राहत, सुनेसोबत. सुनेचं नाव शालन. मुलगा नोकरीसाठी दुबईत. गोदाबाईंनी छत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. कडक इस्त्रीचं पातळ, आणि आवाज असा की जिन्यात कागदाचा कपटा दिसला तर चारही मजल्यांची हजेरी लागायची. हिंमतराव एकट्या त्यांनाच वचकून असत. फळ्यावरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बाई ओल्या फडक्यानं स्वतः पुसून नीट करत.

दोन हजार तीनच्या जानेवारीत बाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पाय काही पुन्हा जमिनीला टेकला नाही. मग सगळं अंथरुणातच. महिन्याभरात क इमारतीची टाकी अकराच्या आत कोरडी पडू लागली. पाईप गळतोय की काय, म्हणून हिंमतराव एकेक घर तपासत वर गेले. तिसऱ्या मजल्यावर शालननं दार उघडलं. तिच्या मागे न्हाणीघरात चादरींचा ढीग भिजत पडला होता. सकाळपासूनचा चौथा. हिंमतरावांना सगळं कळलं. गळत काहीच नव्हतं.

बाईंनी त्यांना आत बोलावलं. तोंड भिंतीकडे केलेलं. म्हणाल्या, “हिंमतराव, जन्मभर मी लोकांना स्वच्छता शिकवली. आता माझं नाव फळ्यावर येईल ते एकदाच. तोवर ही गोष्ट कुणाच्या तोंडी नको. यमुनाबाईंनाही सांगायचं नाही. शब्द द्या.”

“दिला, बाई,” हिंमतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर शेवटची वेळ बदलली. बंद ८.१५. क इमारतीला पंधरा मिनिटं जास्त. पहिले आठ दिवस हिंमतराव धास्तीत होते, आता कुणीतरी विचारणार आणि आपण काय सांगणार? कुणी विचारलं नाही. अठ्ठेचाळीस घरांत शिकलेली माणसं, निम्मी पोरं कॉम्प्युटरवाली, रोज जाता-येता फळा वाचत. पण वजाबाकी करायची कुणाला सुचली नाही. असं एक वर्ष गेलं.

मग ब इमारतीतली कल्याणी सोसायटीची सेक्रेटरी झाली. पंचविशीची मुलगी, येरवड्याच्या पुढे एका काचेच्या इमारतीत नोकरीला. तिनं सोसायटीचा ईमेलचा ग्रुप काढला, आणि रोज ऑफिसला जाताना हिंमतरावांचा फळा वहीत उतरवून तिकडे टाकू लागली. “काका, तुमची बातमी आता थेट अमेरिकेत वाचतात,” असं सांगायची. हिंमतरावांना बरं वाटायचं. पोरगी वाईट नव्हतीच हो. पण दोन हजार चारच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी झालं, अ आणि ब मध्ये दुपारी ठणठणाट होऊ लागला, तेव्हा तिनं दोन महिन्यांच्या वेळा कॉम्प्युटरवर ओळीनं मांडल्या आणि वजाबाकी केली.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. चेअरमन सर्जेराव, तेही ब मधलेच. त्यांनी कागद वाचून दाखवला. अ चाळीस, ब चाळीस, क पंचावन्न. आणि एकदम कल्ला झाला.

“हिंमतराव, आपण राहता कुठं?” सर्जेरावांनी विचारलं. “क मध्येच ना? नाही, सहज विचारलं.”

“तुम्हाला ठाऊक आहे कुठं राहतो ते.”

“मग पंधरा मिनिटं कशाची? फळा लिहिण्याची दक्षिणा?”

लोक हसले. हिंमतरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एक नट घरी आणला नव्हता या माणसानं! समोर दोन वाक्यं बोलली असती तर सगळे गप्प झाले असते. ती दोन वाक्यं जिभेवर आलीही होती. पण डोळ्यांपुढे भिंतीकडे वळलेलं ते तोंड आलं.

“फळ्यावर लिहूनच देत होतो,” ते म्हणाले. “क ला पंचावन्न लागतात. काहून लागतात ते सांगणार नाही.”

“काका, पण काही कारण असेल तर सांगा ना, प्लीज,” कल्याणी म्हणाली. तिला हे एवढं चिघळेल असं वाटलं नव्हतं.

“नाही सांगता येत, पोरी.”

झालं! ठराव झाला. एक जूनपासून पंप ठेकेदाराकडे, तिन्ही इमारतींना सारखी चाळीस मिनिटं. चावी मात्र त्याच दिवशी काढून घेता आली नाही, कारण एवढ्या इंजिनियरांत पंपातली हवा काढता येणारा एकही निघाला नाही. “एकतीस तारखेपर्यंत चावी माझ्याकडं आहे, तोवर क ला पंचावन्नच,” असं भर सभेत सांगून हिंमतराव उठले. काय हा कोडगेपणा, असं मागून कुणीतरी म्हणालं. त्यांना ते नीट ऐकू आलं.

शालन सभेला नव्हती, बाईंना सोडून कशी येणार? संध्याकाळी ती पंपाच्या खोलीत आली ती रडतच. “काका, मी सांगते सगळ्यांना. माझ्या घरापायी तुमची ही शोभा!”

“बाईंनी शब्द घेतलाय,” हिंमतराव म्हणाले. “त्या म्हणत असतील तर सांग.”

बाई काही म्हणणार नव्हत्या, हे दोघांनाही माहीत होतं. पण एक जूनला काय करायचं, या विचारानं हिंमतरावांची झोप उडाली. टाकी पुन्हा अकराला संपणार, पुन्हा आरडाओरडा होणार, कुणीतरी कारण शोधत तिसऱ्या मजल्यावर जाणार. आणि नाव? ते तर गेलंच होतं. फळा वाचताना लोक आता पाण्याच्या ओळीपाशी थांबून एकमेकांकडे बघत. गिरणीत यमुनाबाईंना एकीनं विचारलं, “तुमच्याकडं पाणी भरायला यावं का आम्ही?” ही गोष्ट हिंमतरावांना तिसऱ्याच कुणाकडून कळली. यमुनाबाई घरी येऊन काही बोलल्या नाहीत. सभा झाली त्या दिवशीही त्यांनी एवढंच म्हटलं होतं, “अहो, जेवून घ्या.” काहून दिलं पाणी, असं एकदाही विचारलं नाही. लोकांचं सोडा, पण बायकोनंही आपल्याला चोर धरलं, हे हिंमतरावांना फार लागलं.

पंचवीस मे, मंगळवार. दुपारी बाई गेल्या. संध्याकाळी सगळं आटोपलं. खांदा द्यायला सर्जेरावही होते.

बुधवारी सकाळी कल्याणी वही घेऊन फळ्यापाशी आली. वर लिहिलं होतं, ‘क-१४ च्या गोदाबाई काल दुपारी वारल्या. छत्तीस वर्षे शिक्षिका होत्या. या फळ्यावरच्या चुका त्याच दुरुस्त करीत.’ खाली पाण्याच्या वेळा. तिनं उतरवून घेतल्या आणि पेन थांबलं. बंद ८.००.

हिंमतराव खोलीला कुलूप लावत होते.

“काका, कालपर्यंत सव्वाआठ होतं.”

“हो.”

“आज आठच?”

“आता लागत नाही,” हिंमतराव म्हणाले.

कल्याणीनं फळा पुन्हा वाचला. वरची ओळ, मग खालची. मग तिनं मान वर करून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. “काका, मी सगळ्यांसमोर तुम्हाला...”

“तू वजाबाकी तरी केलीस, पोरी,” हिंमतराव म्हणाले. “जा, उशीर होईल.”

तिनं फळा जसाच्या तसा ग्रुपवर टाकला, पदरचा एक शब्दही न घालता. या वेळी मात्र लोकांना वजाबाकी आली. दुपारी बाराच्या सुमाराला सर्जेराव स्वतः क इमारतीत आले आणि दारातच घुटमळत उभे राहिले. “हिंमतराव, ठेकेदाराला नको म्हणून सांगितलंय. चावी आपल्याकडेच असू द्या. आणि त्या दक्षिणेचं... तोंडाला येईल ते बोललो मी. चुकलं.” सर्जेरावांच्या तोंडून एवढं निघालं हे पुष्कळ झालं. हिंमतराव बरं म्हणाले आणि आत आले.

जेवणं झाली. एक वाजला, दीड वाजला. हिंमतराव आडवे झाले, पण झोप येईना. बघतात तर यमुनाबाई ओट्यापाशी नुसत्याच बसलेल्या.

“आज वर नाही गेलीस? वाळवण नाही का?”

यमुनाबाईंनी मान हलवली.

“आता कशाला?” त्या म्हणाल्या.

हिंमतराव उठून बसले. सोळा महिने, रोज दुपारी, कुरडया. भर पावसाळ्यातसुद्धा. वर्षभर कुरडया कोण घालतं हो? आणि घरात एक कुरडई नाही. लोकांना वजाबाकी येत नाही म्हणणाऱ्या या शहाण्या माणसाला स्वतःच्या घरातला हिशेब कधी सुचला नव्हता.

“चादरी?” त्यांनी विचारलं.

“शालन पिळून द्यायची, मी गच्चीवर वाळवायची. चारच्या आत घड्या घालून पोचत्या करायची. बाईंनी शब्द घेतला होता, तुम्हाला कळता कामा नये म्हणून.” यमुनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “सभेत लोक तुम्हाला बोलत होते तेव्हा मी मागं उभी होते. सगळं ठाऊक असून गप्प बसले. तुमच्याकडं बघायची हिंमत नव्हती हो मला.”

“अगं बाप्पा,” हिंमतराव म्हणाले, आणि सभेत ज्या माणसाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं तो लहान पोरासारखा रडला.