सरांचा मासा
आज बाजारातून मासे आणले, पिशवीचा वास हाताला लागला आणि ती गोष्ट आठवली. नव्वदच्या आसपासची असेल. धुळ्याच्या कॉलेजातले एक सर तापीतले संपत चाललेले मासे शोधायला आमच्या गावी यायचे. एका जातीचा मासा कितीक वर्षं त्यांना मिळत नव्हता. नदीतून तो पार गेला की काय, हाच घोर. एके दिवशी तो माझ्या जाळ्यात आला. ओल्या फडक्यात गुंडाळून सरांनी तो आमच्या माठाजवळ गार जागेत ठेवला आणि आम्ही नदीचं पाणी बाटल्यांत भरायला परत गेलो. आलो तर घरात रश्श्याचा वास. बायको म्हणाली, "पाव्हना उपाशी जाई का? मासा घरमा व्हता, मी रांधी टाका." मी कपाळ धरलं. सर म्हणाले, "अक्का, काटे तरी फेकू नका." जेवले आणि काटे कागदात बांधून घेऊन गेले. तसला मासा मला पुन्हा दिसला नाही. पण तेव्हापासून मी मासे आणले की बायको दारातच अडवायची, "हाऊ मासा सरना तं नही ना?" ती मेली, मला ठाऊक आहे. तरी आज पिशवी घेऊन दारात उभा राहिलो.