भिंतीवरची काळी टिकली

अगं, जवळ बस. सारखं घड्याळ काय बघतेस? आम्ही नेरूळला नवीन आलो, तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये एक पिस्तूल नेमबाज राहायचे. माझ्याकडून काळी टिकली मागून त्यांनी जिन्यातल्या भिंतीवर लावली होती. रोज सकाळी हात ताठ करून, जड इस्त्री धरून तिच्यावर नेम साधायचे.

“कपडे कुठायत हो?” मी चिडवायची.

हसायचे. “काकू, गोळी सुटायच्या आधी सगळं जग गप्प होतं. त्यासाठी हात थांबायला हवा.”

पुढे आजारानं तोच हात थरथरायला लागला. स्पर्धा सुटल्या. एकदा दार उघडलं, तर रिकामाच हात टिकलीसमोर धरून उभे. “आता नुसताही थांबत नाही, काकू.”

मग ते गावी गेले. रंगवाल्याला मी टिकली काढू दिली नाही. हल्ली चहा ओतताना माझाही हात हलतो. लवकर ये गं पुन्हा.