दत्ताकाकांची गलबतं आणि परीची झोळी

छापखान्यात कात्रण जमतं तसे किस्से जमतात. संध्याकाळी झाडून पोत्यात भरलं की वाटतं, झालं स्वच्छ. सकाळी कटिंग मशीन सुरू झालं की पुन्हा पायात येतंच. आमच्याकडचं बरंचसं कात्रण लग्नपत्रिकांचं, आणि बरेचसे किस्से दत्ताकाकांचे.

आमचा छापखाना परतूरला, धान्याच्या मोंढ्यामागं, पत्र्याच्या शेडमध्ये. मालक रफिकभाई. बायंडिंगला आम्ही दोघी, शकीलाआपा आणि मी. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. फर्मे ओळीनं लावायचे आणि सुईदोऱ्यानं शिवायचे, हे आमचं काम.

दत्ताकाका बसस्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर झाले आणि पुस्तकं लिहायला लागले. खुनाच्या कादंबऱ्या, कोंबडीपालन, हलव्याचे दागिने, आणि आता समुद्रातली गलबतं, शिडं, दोरखंड. दोन-दोन पुस्तकं एकाच वेळी चालतात. ते लिहितील तसं रफिकभाई छापत जातात.

आणि माझ्या मांडीवर परी, माझी लेक. नुकती रांगायला लागली. घरी एकदा झोळीची गाठ सुटली आणि ती खाली आली. खाली गोधडी होती म्हणून निभावलं. पण तेव्हापासून मी तिला झोळीत घालत नाही. मांडीवर घेऊनच शिवते. सुई तिच्याकडं जाऊ नये म्हणून दोरा उलट्या अंगानं ओढते. त्यात काम निम्मं होतं. रफिकभाई बघतात, बोलत नाहीत. ते बोलतील त्या दिवसाचंच मला भ्या.

* * *

मी सातवी शिकले. वाचायला येतं, पण गोष्ट पुरी कधी हाती लागत नाही. आज चौथा फर्मा, उद्या एकदम नववा. एका कादंबरीत खुनी माणूस एका लहान पोरीला कडेवर घेऊन मुक्कामाच्या गाडीत चढला आणि फर्मा संपला. मला घरी जाऊन भाकरी गोड लागेना.

सकाळी काका आले तसं विचारलं, "काका, त्या पोरीचं काय झालं?"

"पुढचा फर्मा अजून छापायचाय."

"छापायचाय म्हंजे तुमच्याच हातात हाय की. वाचवा तिला."

काकांनी माझ्या मांडीवर पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि तिथंच उभ्या उभ्या पोरगी सोडवली. पुढच्या फर्म्यात ती बसस्टँडवर पापडी खात बसलेली सापडली.

शकीलाआपांनी मान वर केली. "मंग वकील को भी छोड देव काका. अच्छा आदमी है."

"वकिलाला बी सोडलं तर मी मारू कुणाला?" काका म्हणाले. "रफिकला?"

मशीनवरून रफिकभाई म्हणाले, "मारो, मगर छपाई होने के बाद."

* * *

कोंबडीपालनाच्या पुस्तकाचं असं झालं की काकांची खुनाची सवय गेली नाही. पहिल्या प्रकरणात खुराड्यात एक कोंबडी मेलेली सापडते. दुसऱ्यात शेजारच्या मांजरीवर संशय. तिसऱ्यात पाण्याच्या भांड्यावर. मलाही शिवताना वाटत होतं, मांजरच असेल.

पुस्तक बाहेर गेलं आणि मंठ्याकडच्या एका शेतकऱ्याचा छापखान्यात फोन आला. रफिकभाईंनी स्पीकरवर टाकला.

"साहेब, माझ्या कोंबड्या तुमच्या तिसऱ्या प्रकरणावानी माना टाकून राह्यल्या. औषध कुठंय?"

"शेवटच्या पानावर," काका म्हणाले.

"अन् तिथवर वाचूस्तोर कोंबड्यांनी काय करावं?"

दुसऱ्या आवृत्तीत औषध पहिल्या पानावर आलं. काका त्या दिवशी चहा न घेता गेले. जाताना म्हणाले, "आता पुढचं वाचतंय कोण?"

* * *

गलबतांचं पुस्तक सुरू झालं आणि काका दोरी घेऊन यायला लागले. अलिबागकडं भाच्याच्या लग्नाला गेल्ते, तेव्हा अक्षता टाकायच्या सोडून कोळ्यांच्यात जाऊन बसले आणि गाठी शिकून आले. लिहिण्याआधी प्रत्येक गाठ छापखान्यात मारून बघायचे. खुर्चीला, स्कूटरला, चहाच्या किटलीला.

"काका, परतूर में समिंदर किधर है?" शकीलाआपा विचारायच्या.

"दोरी हाय ना. समिंदर येईल तेव्हा येईल."

एक दिवस आमचं काम तुंबलं होतं म्हणून त्यांनीच लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधून दिले. संध्याकाळी नवरीचे वडील गठ्ठे हातात घेऊनच परत आले. गाठ सुटेना. दातानं ओढून झालं होतं, विळा लावायची भीती, पत्रिका कापल्या तर काय घ्या.

"अहो लेखक, पाव्हणे खोळंबलेत वाटायला. ही सुटते कशी?"

काकांनी गाठ फिरवून फिरवून पाहिली. मग चष्मा काढला.

"सोडायचं प्रकरण अजून लिहिलेलं न्हाई."

* * *

एका दुपारी मी फर्मे मोजत होते तेवढ्यात परी मांडीवरून उतरली आणि दोन थप्प्यांच्या मधे जाऊन बसली. एक थप्पी गलबतांची, एक खुनाच्या कादंबरीची. तिनं इकडचे तिकडं काय केले, कुणाला कळलं नाही. शकीलाआपांनी थप्प्या सरळ केल्या, पुस्तकं शिवून गेली.

मग अंकुशनगरहून एका माणसाचा फोन. साखर कारखान्यात कामाला होता, हौसेनं लाकडी गलबताचा नमुना करत होता.

"शीड बराबर उभं राह्यलं हो. पण त्यानंतर एक बाई दूध पिऊन मरती. तिला विष कुणी दिलं?"

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, चूक झाली आमची. पुस्तक बदलून देतो."

"बदलून नको. पुढचा फर्मा द्या. मी सवताच येतो न्यायला."

आम्ही हसलो. रफिकभाई हसले नाहीत. कटिंग मशीन बंद करून माझ्याजवळ आले.

"सविता, हसण्यावारी न्यायचं न्हाई. आज कागदाकडं गेली, उद्या ब्लेडकडं जाईल. उद्यापासून लेकराला झोळीत निजव. न्हाई तर ती शाळेत जाईस्तोर तू घरी थांब."

आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणून जास्त लागलं. बरोबरच होतं त्यांचं. पण डोळे मिटले की मला ती घरची सुटलेली गाठच दिसायची.

* * *

दुसऱ्या दिवशी मी दोर आणि साडी घेऊन आले. सासूबाईंची जुनी नऊवारी, पण मजबूत. शेडच्या लोखंडी अँगलवरून दोर टाकला आणि तशीच उभी राहिले. गाठ मारायला हात होईना. शकीलाआपांनी मारली, ती मी सोडली. रफिकभाईंनी मारली, तीही सोडली.

तेवढ्यात काका आले. त्यांनी दोर घेतला, साडीच्या टोकांभोवती दोन वेढे दिले, टोक आतून काढलं, ओढलं.

"घाल पोरीला."

"न्हाई काका."

"अगं, ह्या गाठीवर गलबतं थांबतात. वाऱ्यात."

"तुमच्या गलबतात लेकरू नसतं काका. अन् तुम्ही पुस्तकात माणसं मारता. तुमच्या गाठीवर मी हिला कशी ठेवू?"

काकांनी चपला काढल्या. चष्मा शकीलाआपांच्या हातात दिला. धोतर सावरलं आणि झोळीत चढले.

अँगल कुरकुरला. रफिकभाई मशीन सोडून पळत आले. झोळी जमिनीपर्यंत लोंबली, पण टेकली नाही. आतून आवाज आला, "झोका दे."

मी परीला कडेवर घेऊन झोळीला झोक्याची दोरी बांधली आणि ओढली. पुन्हा ओढली. जोरात ओढली. वर बघत होते, गाठीकडं. जराही सरकली नाही. मग परीनंच माझ्या हातातली दोरी घेतली आणि ती ओढायला लागली. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. म्हटलं, घालावी आता.

"काका, उतरा."

आतून घोरणं ऐकू आलं.

रफिकभाई मशीनकडं गेले. मी परीला घेऊन तशीच उभी. तेवढ्यात दारात एक माणूस आला, हातात गलबतांचं पुस्तक.

"मी अंकुशनगरहून आलो. ते गलबतवाले लेखक कुठं भेटतील?"

शकीलाआपांनी ओठावर बोट ठेवलं आणि झोळीकडं मान केली.

"आहिस्ता बोलो भाई. अब्बीच सोये."